ड्रॉइंगवर 'मागे बघताना' लिहिलंय, मग मी उभा कुठे राहू?

दुसरीपाळी

नमस्कार मंडळी,

विमानांच्या स्ट्रक्चर शॉपमध्ये शिकाऊ आहे, आठ महिने झाले. शिकताना प्रोजेक्शन मला कधी जड गेलं नाही. समोरून, वरून, बाजूने, तिन्ही दृश्यं झटपट काढायचो. पण तिथे ठोकळा टेबलावर असायचा. इथे ठोकळा म्हणजे अख्खं विमान, आणि मी त्याच्या पोटात वाकून उभा. दिशाच कळेनाशी होते.

काल काय झालं ते सांगतो. एका फ्रेमच्या (विमानाच्या धडाच्या आडव्या कड्याच्या) मागच्या अंगाला बसणारी सपाट प्लेट आहे, उजव्या बाजूची. गंजली म्हणून काढली, आता नवी बनवायची. चार बोल्टची भोकं, प्रत्येक बोल्टसाठी प्लेटला एक नटप्लेट (पत्र्याला कायम जोडलेलं नट), आणि प्रत्येक नटप्लेट धरून ठेवायला दोन छोटे बुडत्या डोक्याचे रिव्हेट. ड्रॉइंगवर एकच प्लेट काढलेली. टीप अशी: '-१ डावी, दाखवल्याप्रमाणे. -२ उजवी, उलट.' दृश्याखाली लिहिलंय 'मागे बघताना'.

मी फ्रेमच्या मागे, विमानाच्या नाकाकडे तोंड करून उभा होतो. हिशेब असा केला: प्लेट उजवी, म्हणजे चित्र एकदा उलटवायचं. चित्र मागे बघताना काढलंय आणि मी पुढे बघतोय, म्हणजे आणखी एकदा उलटवायचं. दोनदा उलटवलं की सुलट. म्हणून कागदावर दिसतात तशीच भोकं पत्र्यावर आखली, पाडली, प्लेट फ्रेमला लावून पाहिली. चारही भोकं तंतोतंत जुळली. रिव्हेटच्या भोकांना काउंटरसिंक करायला, म्हणजे डोकं बुडेल असं भोकाचं तोंड तिरकं रुंद करायला, कटर लावणार, तेवढ्यात आमचे सीनियर आले. प्लेट हातात घेऊन पाहिली आणि म्हणाले, "थांब. ड्रॉइंग पुन्हा वाच." पाळी संपली होती, ते निघून गेले.

तेव्हापासून वाचतोय. भोकं बरोबर आहेत, मग चूक कुठे आहे? आणि दुसरा प्रश्न: तुम्ही लोक ड्रॉइंग हातात आलं की कुठून वाचायला सुरुवात करता?

सहज_वाचक

या क्षेत्राशी माझा संबंध नाही, पण प्रश्न आवडला. 'मागे बघताना' म्हणजे नक्की काय? आणि डाव्या-उजव्या भागांची दोन वेगळी चित्रं का देत नाहीत? गोंधळच संपला असता.

पक्कड_पाना

भोकं चुकली असणार. उजवी प्लेट म्हणजे आरशातली प्रतिमा, विषय संपला. मी एवढी वर्षं काम करतोय, अशा वेळी जुनी प्लेट नव्या पत्र्यावर ठेवतो आणि तिच्यावरूनच भोकं उतरवतो. जुना भाग हेच सगळ्यात चांगलं ड्रॉइंग.

दुसरीपाळी

@पक्कड_पाना, भोकं फ्रेमला जुळली हो. चारही. चुकली असती तर जुळली नसती ना?

गुणवत्ता_शिक्का

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यात दडलेलं असू शकतं.

चित्राकडे बघूच नका. निदान पहिली दहा मिनिटं. मी तपासणीत आहे आणि माझी सवय अशी: उजव्या खालच्या कोपऱ्यातला टायटल ब्लॉक, तिथून वर रिव्हिजनचा तक्ता, मग पार्ट्स लिस्ट, मग सर्वसाधारण टिपा, आणि सगळ्यात शेवटी चित्र. चित्र डोळ्यांना ओढतं, त्यामुळे माणूस आधी तिथेच जातो आणि मनात एक समज करून बसतो. मग टिपा वाचताना तो समज खरा ठरवत बसतो.

टायटल ब्लॉकमध्ये नुसता क्रमांक बघून पुढे जाऊ नका. हातातली प्रत कितव्या रिव्हिजनची आहे? रिव्हिजनच्या अक्षरांत आय, ओ, क्यू, एस, एक्स, झेड सहसा वापरत नाहीत, कारण आकड्यांशी किंवा एकमेकांशी गोंधळ होतो. तेव्हा एचनंतर थेट जे दिसलं तर मधली प्रत हरवली असं समजू नका. त्यापुढे एकक: इंच की मिलिमीटर? युरोपातल्या ड्रॉइंगवर दशांशासाठी स्वल्पविराम असतो. १,५ म्हणजे दीड, पंधरा नव्हे. इंचाच्या ड्रॉइंगवर ०.५० आणि ०.५०० ही दोन वेगळी मापं आहेत. किंमत एकच, पण किती फरक चालेल ते दशांशानंतर किती आकडे आहेत यावर ठरतं, आणि तो नियम 'अन्यथा नमूद नसल्यास' या शब्दांखाली टायटल ब्लॉकजवळ दिलेला असतो. पूर्वी मी स्वतः एका तरुण तंत्रज्ञाला शून्य गाळून माप उतरवताना थांबवलंय. त्याला ते शून्य शोभेचं वाटलं होतं.

तिथेच एक छोटी खूण असते, कापलेल्या शंकूची. ती सांगते की दृश्यं पहिल्या कोनातली आहेत की तिसऱ्या. अमेरिकी ड्रॉइंगं तिसऱ्या कोनात, युरोपातली बहुतेक पहिल्या कोनात. पहिल्या कोनात डावीकडून दिसणारं दृश्य उजवीकडे काढतात. एकाच हँगरमध्ये दोन्हीकडची विमानं येत असतील तर ही खूण न बघता पुढे जाणं म्हणजे अंधारात पाऊल टाकणं.

आणि शेवटी सर्वांत कंटाळवाणी, म्हणून सर्वांत जास्त वगळली जाणारी गोष्ट: इफेक्टिव्हिटी. हे ड्रॉइंग, किंवा त्यातला हा डॅश क्रमांक (भागाचा -१, -२ असा क्रमांक), तुमच्या समोर उभ्या असलेल्या त्याच विमानाला लागू आहे का? धागाकर्ते, हे पाहिलंत का?

@सहज_वाचक, डावा-उजवा भाग एकमेकांची आरशातली प्रतिमा असतील तर एकच चित्र काढतात. सहसा डाव्याला विषम डॅश क्रमांक आणि उजव्याला सम. दोन चित्रं ठेवली तर दर बदलाला दोन्ही बदलावी लागतात, आणि कधीतरी एकच बदललं जातं. डावं-उजवं नेहमी विमानाचं, म्हणजे नाकाकडे तोंड करून बसलेल्या वैमानिकाचं. 'मागे बघताना' म्हणजे चित्र काढणाऱ्याचं तोंड शेपटीकडे आहे. साहजिकच विमानाची डावी बाजू त्याच्या उजव्या हाताला, आणि कागदावरही उजवीकडे येते.

रिव्हेटवाली

दुसरीपाळी, एक सांग. त्या छोट्या रिव्हेटजवळ अधिकचिन्हासारखी खूण आणि भोवती अक्षरं असतील. कुठली आहेत?

दुसरीपाळी

हो ताई. डाव्या वरच्या कोपऱ्यात बीबी. आणि एका कोपऱ्यात एन.

रिव्हेटवाली

मग चूक सापडली. जेवून येऊन लिहिते. तोवर एक काम कर: एक पुठ्ठा कापून त्या प्लेटचा आकार बनव, आणि एका अंगाला 'रिव्हेटची डोकी' असं लिही.

निळीप्रत

ताईंचं उत्तर येईपर्यंत थोडं अवांतर, पण विषयाला धरूनच. मी आयुष्यभर ड्राफ्टिंगच्या टेबलावर काम केलं, आता निवृत्त आहे.

विमानाच्या पोटात दिशा हरवते असं धागाकर्ते म्हणतात. म्हणूनच विमानाला स्वतःचे अक्ष दिलेले असतात. लांबीच्या दिशेने स्टेशन, मधल्या उभ्या प्रतलापासून डावी-उजवीकडे बटक लाइन, आणि उंचीसाठी वॉटर लाइन. पाण्याचा विमानाशी काय संबंध? ही पद्धत जहाजबांधणीतून आली. जहाजाचा वक्र आकार जमिनीवर खऱ्या मापात आखायचे, पाण्याला समांतर काप घेऊन. विमानांनी ती आखणी नावासकट उचलली. शून्य स्टेशन बऱ्याचदा नाकाच्याही पुढे हवेत धरतात, म्हणजे कुठलंच माप ऋण येत नाही.

यात एक मौज आहे. मूळ विमानात स्टेशनचा आकडा म्हणजे शून्यापासूनचं खरं अंतर. पण पुढे विमान लांब केलं, मध्ये नवा तुकडा घातला, की काय करणार? मागच्या सगळ्या फ्रेमचे क्रमांक बदलले तर हजारो ड्रॉइंगं बदलावी लागतील. म्हणून जुने क्रमांक तसेच ठेवतात आणि नव्या फ्रेमना अक्षरं जोडतात. बोइंग ७३७ च्या लांब आवृत्त्यांत ७२७ए, ७२७बी अशी स्टेशनं त्यामुळेच आली. तिथे दोन स्टेशनांची वजाबाकी करून अंतर काढायला गेलात तर उत्तर चुकणार. स्टेशनचा क्रमांक हा आता पत्ता आहे, अंतर नाही.

आणि 'ब्लूप्रिंट' शब्द ज्या निळ्या कागदावरून आला, ती छपाई जॉन हर्शेल यांनी १८४२ साली शोधली. निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघा. त्या कागदाचा ओलसर वास मला अजून आठवतो.

सहज_वाचक

निळीप्रत काका, वाचून फार आनंद झाला. एक शंका. माप लिहिलेलं नसेल तर ड्रॉइंगवर पट्टी ठेवून मोजता येत नाही का? स्केल तर दिलेलंच असतं.

निळीप्रत

नाही, आणि 'ड्रॉइंगवरून मोजू नये' हे जवळजवळ प्रत्येक ड्रॉइंगवर छापलेलं असतं. कागद दमट हवेत फुगतो, छपाईत आकसतो. मोठ्या वक्र आकारांच्या आखणीसाठी आम्ही कागद सोडून मायलर (प्लॅस्टिकची फिल्म) वापरायचो ते त्यासाठीच. शिवाय पुष्कळदा घाईच्या बदलात आकडा बदलतात पण रेघ तिथेच ठेवतात. अशा मापाखाली रेघ ओढलेली असते, म्हणजे 'हे चित्र प्रमाणात नाही, आकडा खरा'. माप सापडलं नाही तर ते दुसऱ्या शीटवर, दुसऱ्या दृश्यात किंवा जोडणीच्या ड्रॉइंगवर असतं. शोधायचं. तरी नाही मिळालं तर इंजिनिअरिंगला विचारायचं.

रिव्हेटवाली

आले. आता नीट वाच.

बीबी म्हणजे एमएस२०४२६एडी, १०० अंशी बुडत्या डोक्याचा रिव्हेट. गोल डोक्याचा असता तर बीजे असतं. एन म्हणजे रिव्हेटचं डोकं जवळच्या बाजूला. एफ असतं तर पलीकडच्या बाजूला. प्रश्न असा की जवळची बाजू म्हणजे कुणाच्या जवळची? तुझ्या नाही. ज्याने ते दृश्य काढलं त्याच्या.

तो शेपटीकडे तोंड करून, म्हणजे प्लेटच्या पुढे उभा आहे. त्याच्या जवळचं अंग म्हणजे प्लेटचं पुढचं अंग, जे फ्रेमला टेकतं. तर्कानेही तसंच पटतं: टेकणाऱ्या अंगावर डोकी पत्र्यात बुडालेली हवीत, नाहीतर प्लेट सपाट बसणार कशी? नटप्लेट मागच्या अंगावर, आणि बोल्ट पुढून येणार.

तू मात्र मागे उभा होतास. तुझ्यासमोर प्लेटचं मागचं अंग होतं. तू ते जवळचं धरलंस आणि त्याच अंगावर कटर लावणार होतास. तसं झालं असतं तर नटप्लेट प्लेट आणि फ्रेम यांच्यामध्ये आल्या असत्या.

दोनदा उलटवलं की सुलट, हा तुझा हिशेब डाव्या-उजव्यापुरता अचूक आहे. म्हणून तर भोकं जुळली. पण तू जागा बदललीस, तेव्हा डाव्या-उजव्याबरोबर जवळ-लांबही बदललं, आणि ते तू परत फिरवलं नाहीस. आरसा डावं-उजवं बदलतो. पलीकडे जाऊन उभं राहिल्यावर दोन्ही बदलतं.

आता पुठ्ठा हातात घे. 'डोकी' लिहिलेलं अंग स्वतःकडे कर आणि ड्रॉइंगशेजारी धर. कागदावर दिसतं तसंच्या तसं दिसतंय ना? आणि कागदावर काय काढलंय? -१. तू उजवी प्लेट चुकीची बनवत नव्हतास, डावी प्लेट हुबेहूब बरोबर बनवत होतास.

भोकं पाडलेल्या सपाट पत्र्याला डावं-उजवं नसतंच. पालथा केला की दुसऱ्या बाजूचा होतो. पहिल्या काउंटरसिंकला तो डावा किंवा उजवा ठरतो, आणि मग परत फिरणं नाही. तुझ्या सीनियरांनी अगदी त्या क्षणी थांबवलंय. पत्रा वाया गेलेला नाही, नुसता पालथा कर.

सहज_वाचक

मी खरोखर पुठ्ठा कापला. दोनदा वाचलं, तेव्हा लख्ख समजलं. ताई, दंडवत.

दुसरीपाळी

ताई, मला शब्द सुचत नाहीत. मी सगळा वेळ भोकांकडेच बघत होतो. उद्या पत्रा पालथा करून खात्री करतो.

कंपोझिट_थर

रिव्हेटवालींच्या प्रतिसादाला +१, आणि आमच्याकडचा नमुना जोडतो. कार्बनच्या थरांत प्रत्येक थराचा कोन दिलेला असतो: ०, +४५, -४५, ९०. ड्रॉइंगवर एक दिशादर्शक चक्र असतं, त्यावरून शून्य कुठे आणि अधिक कोन कुठल्या फिरण्याचा ते कळतं. आता +४५ चा थर पलीकडून बघा. तो -४५ दिसतो. आणि उलट हाताच्या भागातही +४५ चा -४५ होतो. म्हणजे धागाकर्त्यांच्या प्लेटचीच गोष्ट, पण आमच्याकडे रेझिन पिकून कडक झालं की वरून काही दिसत नाही. पालथा करून वाचवणंही शक्य नाही. म्हणून प्रत्येक थर टाकताना दुसरा माणूस चक्राशी ताडून सही करतो.

पक्कड_पाना

ताईंचं पटलं. भोकं चुकली म्हणालो ते मागे घेतो. पण जुन्या प्लेटवरून उतरवलं असतं तर हा प्रश्नच आला नसता. जुनी प्लेट शेजारी ठेवायची, ती जशी तशी ही. कागदाचा एवढा अट्टहास का?

गुणवत्ता_शिक्का

@पक्कड_पाना, कारण जुना भाग बरोबर होता याची हमी कोण देणार?

१० जून १९९० चं ब्रिटिश एअरवेज ५३९० आठवा. बीएसी वन-इलेव्हन विमान, उड्डाणाच्या सुमारे २७ तास आधी वैमानिकासमोरची काच बदलली होती. ९० बोल्ट. काढलेला जुना बोल्ट घेऊन साठ्यातले बोल्ट नजरेने जुळवले गेले, पार्ट्स कॅटलॉग उघडलाच नाही. बसवलेल्यांपैकी ८४ बोल्टचा व्यास ०.०२६ इंचाने, म्हणजे जेमतेम ०.६६ मिलिमीटरने कमी होता. उरलेले ६ योग्य व्यासाचे पण आखूड. सुमारे १७,३०० फुटांवर काच उडाली आणि कॅप्टन अर्धे बाहेर ओढले गेले. कर्मचाऱ्यांनी विमान उतरेपर्यंत त्यांना धरून ठेवलं, म्हणून ते वाचले.

यातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. नमुना म्हणून घेतलेले जुने बोल्टसुद्धा कॅटलॉगमधले नव्हते. ते ७डी मापाचे होते, हवे होते ८डी, म्हणजे जास्त लांब. म्हणजे अगदी तंतोतंत जुळवले असते तरी चूकच पुढे चालू राहिली असती. जुना भाग त्याच्या आधीच्या माणसाने काय केलं ते सांगतो. काय करायला हवं होतं ते ड्रॉइंग सांगतं.

रिव्हेटवाली

सहमत. शिवाय 'बसलं म्हणजे बरोबर' हे स्ट्रक्चरमध्ये सर्वांत घातक वाक्य आहे. जपान एअरलाइन्स १२३ चं मागचं प्रेशर बल्कहेड, म्हणजे केबिनचा हवेचा दाब रोखणारी मागची भिंत, १९७८ मध्ये शेपूट घासल्यावर दुरुस्त केलं होतं. दुरुस्तीच्या आराखड्यात जोडपट्टी एकसंध होती, रिव्हेटच्या तीन ओळींखालून जाणारी. प्रत्यक्षात तिचे दोन तुकडे करून बसवले. बाहेरून रिव्हेटच्या ओळी तेवढ्याच दिसत होत्या! पण पट्टी मध्ये तुटलेली असल्याने भार एकाच ओळीवर आला आणि थकव्याला तोंड द्यायची ताकद सुमारे ७० टक्क्यांवर आली. विमान त्यानंतर १२,००० हून जास्त उड्डाणं उडलं. १२ ऑगस्ट १९८५ ला बल्कहेड फाटलं. ५२४ पैकी ५२० माणसं गेली.

मी शिकाऊंना हे छेद काढून दाखवते. वरून बघितलं तर दोन्ही दुरुस्त्या सारख्याच. छेदात बघितलं की मगच कळतं भार कुठून कुठे जातोय. म्हणून ड्रॉइंगवर सेक्शन दिसला की मी आधी बाण बघते, कुठून कापलंय आणि कुठल्या दिशेला बघतायत, आणि मग बोट ठेवून पत्रे मोजते. एक, दोन, तीन. किती पत्रे, कुठला कुठे संपतो.

पक्कड_पाना

हे वाचून गप्प बसलो थोडा वेळ. तरी एक मुद्दा सोडत नाही. जुन्या विमानांत भोकं हाताने पाडलेली असतात. कुठेतरी आधीच्या दुरुस्तीत ओव्हरसाइज केलेलं असतं, कुठे ३ मिलिमीटर सरकलेलं. ड्रॉइंग पाहून नवी प्लेट पाडली आणि विमानावर गेलो तर जुळत नाही, असं मला कित्येकदा झालंय. समोरचं विमान काय आहे ते कागद सांगत नाही.

रिव्हेटवाली

हा मुद्दा शंभर टक्के बरोबर. मी आकार, पत्रा, जाडी, रिव्हेट आणि कुठलं अंग हे ड्रॉइंगवरून घेते, आणि भोकांची जागा, चालत असेल तिथे, विमानावरून उतरवते. पण उतरवल्यावर कडेचं अंतर मोजलंच पाहिजे. साधारणपणे रिव्हेटच्या व्यासाच्या दुप्पट, बुडत्या डोक्याला अडीचपट लागतं. नेमका आकडा त्या विमानाच्या रिपेअर मॅन्युअलमध्ये. त्यात बसत नसेल तर इंजिनिअरिंगला विचारायचं, 'एवढं चालतं' असं आपण ठरवायचं नाही.

त्रिमिती

मी डिझाइनमध्ये आहे. राग मानू नका, पण हा सगळा घोळ द्विमित कागदामुळे आहे. बोइंग ७७७ हे पूर्णपणे संगणकावर रचलेलं पहिलं प्रवासी विमान, ते १९९४ मध्ये उडालं. आता आम्ही मापं आणि टिपा थेट त्रिमित मॉडेलला जोडतो. मॉडेल फिरवा, प्लेटच्या मागे जा, डोकी कुठे आहेत ते दिसेल. एन-एफ कशाला लागतंय? ड्रॉइंग वाचणं हे कौशल्य पुढच्या पिढीला लागणार नाही.

निळीप्रत

मॉडेलचा मला आदरच आहे, पण निष्कर्षाशी असहमत. विमान पंचवीस-तीस वर्षं उडतं, त्याचं ड्रॉइंगही तेवढंच जगतं. मी ज्यांच्यावर सही केली ती विमानं अजून हँगरमध्ये येतात.

आणि मॉडेल आलं म्हणून गोंधळ संपत नाही, जागा बदलतो. एअरबस ए३८० चं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर. जर्मनीतली टीम कॅटिया या डिझाइन सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती वापरत होती, फ्रान्समधली पाचवी. मॉडेलमधले बदल दोन्हीकडे नीट पोचले नाहीत, आणि तयार हार्नेस (वायरांचे बांधलेले जुडगे) विमानात आखूड पडू लागले. २००६ मध्ये वितरण लांबलं त्याचं हे एक मोठं कारण.

वायर_क्रमांक

हार्नेसचं नाव निघालं म्हणून आलो. एव्हिऑनिक्सवाल्यांच्या (विमानातल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या) ड्रॉइंगमध्ये दिशाच नसते, हे स्ट्रक्चरवाल्यांना नवल वाटेल. स्कीमॅटिकमध्ये वायरला लांबी नाही, जागा नाही, फक्त कुठून कुठे. दोन रिले (विजेने चालणारे स्विच) कागदावर शेजारी असतील आणि विमानात एक नाकात, दुसरा शेपटीत. म्हणून स्कीमॅटिक बिघाड समजायला, आणि वायरिंग डायग्राम प्रत्यक्ष पिनपर्यंत जायला. नवीन माणूस वायरिंग डायग्रामवरच बिघाड शोधायला बसतो आणि चार पानांत हरवतो.

आमच्याकडचं 'तुम्ही कुठे उभे आहात' म्हणजे 'विमान कुठल्या स्थितीत आहे'. रिले सहसा वीज नसलेल्या स्थितीत काढलेला असतो. विमान जमिनीवर की हवेत, दार बंद की उघडं, हे आधी वाचायचं. नाहीतर संपर्क उघडा दिसतो म्हणून माणूस चांगला रिले बदलतो.

त्रिमिती

@निळीप्रत, जुन्या विमानांबद्दल मान्य. आणि खरं सांगायचं तर आमच्याकडेही मॉडेल फिरवताना कुणाला पुढचं-मागचं लक्षात राहत नाही, म्हणून आम्ही पडद्याच्या कोपऱ्यात 'पुढे, वर, बाहेर' असे तीन बाण कायम ठेवतो. ते बाण ड्रॉइंगवरूनच आलेत. धागाकर्ते, तुमच्या ड्रॉइंगवर ते बाण होते का?

दुसरीपाळी

होते! 'वर' आणि 'बाहेर' हे दोन. मी ते बघितलेही होते, पण त्यांचा उपयोग फक्त कागद सुलट धरण्यापुरता केला.

शेवटचाबाक

मी पण शिकाऊच. आमच्या इथल्या एका ताईंनी सांगितलेली युक्ती देतो. ड्रॉइंगची प्रत मिळाली की तिच्यावर काही लिहायचं नाही, पण वेगळ्या चिटोऱ्यावर एक छोटं विमान काढायचं आणि त्यात स्वतःला एक ठिपका म्हणून दाखवायचं. ठिपक्याला नाक. मग प्रत्येक दृश्यासाठी ठिपका कुठे आणि नाक कुठल्या दिशेला ते. मला याने खूप फरक पडला.

गुणवत्ता_शिक्का

छान युक्ती. फक्त तो चिटोरा काम झाल्यावर फाडून टाका. हाताने काढलेलं काही विमानाजवळ राहिलं की दुसऱ्या पाळीचा माणूस त्यावरून काम करतो. आणि दुसरीपाळी, इफेक्टिव्हिटीचं विचारलं होतं, त्याचं उत्तर राहिलं.

दुसरीपाळी

काल उत्तर दिलं नाही, कारण मी ते पाहिलंच नव्हतं. आज पाहिलं. सविस्तर सांगतो.

सकाळी लवकर जाऊन पुठ्ठा, पत्रा आणि ड्रॉइंग घेऊन बसलो. सीनियर आले. त्यांना म्हटलं, "काका, चूक कळली. मी काउंटरसिंक चुकीच्या अंगावर करणार होतो, -२ ऐवजी -१ बनली असती." त्यांनी पुठ्ठा फिरवून पाहिला, मान डोलावली आणि म्हणाले, "हे मी पाहिलंच नव्हतं. मी तुला थांबवलं ते वेगळ्या कारणासाठी."

पत्र्यावर कारखान्याची शाई असते ना, मिश्रधातू आणि जाडी छापलेली? माझ्या पत्र्यावर २०२४-टी३ आणि ०.०५० (इंच) होतं. त्यांची नजर त्यावर पडली होती. पार्ट्स लिस्टमध्ये -१, -२ च्या खाली -३, -४ आहेत, त्याच आकाराच्या पण ०.०६३ जाडीच्या. आणि एका फ्लॅग नोटमध्ये (खुणेने जोडलेल्या खास टिपेत) लिहिलंय की अमुक क्रमांकापासून पुढच्या विमानांना -३ आणि -४. आमचं विमान त्या पुढच्यांत येतं. चित्राखाली फक्त -१, -२ ची टीप आहे, -३, -४ चा उल्लेख दुसऱ्या शीटवर. मी दुसरं शीट उघडलंच नव्हतं.

म्हणजे पत्रा पालथा करूनही भागणार नव्हतं. नवा ०.०६३ चा पत्रा काढलाय.

गुणवत्ता_शिक्का

बरं झालं. आणि तुमच्या सीनियरांनी 'मी हे पाहिलं नव्हतं' असं मोकळेपणाने सांगितलं, त्या माणसाजवळ शिकायला मिळतंय हे तुमचं भाग्य.

पक्कड_पाना

काढलेली जुनी प्लेट किती जाडीची होती रे? मोजलीस का?

दुसरीपाळी

मोजली. गंज नसलेल्या जागी ०.०५०. कुणीतरी आधी -२ च बसवली होती. सीनियरांनी डाव्या बाजूची पण उघडून बघायला सांगितलंय, आणि तपासणीला कळवलंय.

पक्कड_पाना

म्हणजे मी जुन्या प्लेटवरून उतरवलं असतं तर तीच चूक पुढे गेली असती. गुणवत्ता_शिक्का, तुमचा बोल्टचा मुद्दा इथेच दिसला. मान्य.

रिव्हेटवाली

शाबास. आता कटर लावण्याआधी अजून एक. पत्रा जाड झाला म्हणजे तोच रिव्हेट पुरेलच असं नाही. आणि काउंटरसिंकची खोली कटरच्या स्टॉपवर आधी भंगाराच्या ०.०६३ तुकड्यावर लावून बघ. खोली जास्त गेली की पलीकडे भोकाची कड सुरीसारखी होते आणि तिथूनच तडा सुरू होतो. १९८८ मध्ये उडतानाच छत फाटून गेलेल्या अलोहा २४३ च्या जोडावर असेच सुरीधार काउंटरसिंक होते, आणि ते विमान ८९,६८० उड्डाणं उडलेलं होतं. पार्ट्स लिस्टमध्ये -४ च्या रकान्यात रिव्हेटचा डॅश क्रमांक -२ पेक्षा वेगळा आहे का बघ.

दुसरीपाळी

बघितलं ताई. व्यास तोच, लांबीचा आकडा एकने जास्त. साठ्यातून ते मागवलेत. डोकी पुढच्या अंगाला, आणि पुठ्ठा अजून खिशात आहे.